गड्डा कधी कापायचा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती मुक्कामाच्या तयारीनं. जळगावच्या माणसाला उन्हाळ्याबद्दल विचारा, तो तोंड वाकडं करील. हिवाळ्याबद्दल विचारा, दुसऱ्या वाक्याला भरताच्या वांग्यांवर येईल. मीही परवा वांगीच घ्यायला बाजारात गेले होते. भाजीवाल्या बाईनं वांग्यांच्या शेजारी ब्रोकोलीचे गड्डे मांडले होते, चकचकीत कागदात गुंडाळून. त्यातला एक मी उचलला, कागदावरूनच अंगठ्यानं दाबून पाहिला आणि सहज बोलून गेले, "हा दोन दिवस उशिरा कापलाय."

बाईनं वांगी तोलायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमची शेती आहे का?"

"नाही हो. एकदा अकरा झाडं लावली होती, तेवढीच."

ती हसली. अकरा झाडांच्या जोरावर एवढा तोरा, असं तिच्या मनात आलं असणार, आणि तिचं काही चुकलं नाही. मी वांगी घेतली, तो गड्डाही घेतला, आणि रिक्षात बसल्यावर मांडीवरच्या पिशवीतून कोबीचा तो ओळखीचा, जरासा गंधकासारखा वास यायला लागला. मग घर येईपर्यंत मी काही जळगावात नव्हते.

मी वरणगावात होते. नव्वदीची ती पहिली-पहिली वर्षं. ह्यांची नोकरी तिथल्या फॅक्टरीत आणि आमचं बिऱ्हाड वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. एका रांगेत सहा क्वार्टर्स आणि पाच भाषा. सकाळी सगळ्यांच्या मागच्या अंगणात बंब पेटायचे, धूर खाली खाली रेंगाळायचा, त्यातच कुणाच्या तरी घरची मोहरी तडतडायची. भोंगा झाला की सायकलींची रांग फाटकाकडे निघायची आणि मग वसाहतीत फक्त बायका, कपड्यांच्या दोऱ्या आणि ऊन उरायचं. हिवाळ्यातलं ते साडेनऊचं ऊन मला अजून पाठीवर आठवतं. भांडी घासायचं निमित्त करून मी त्यात जरा जास्तच वेळ बसत असे.

त्याच वर्षी श्रावणात माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, आमच्याकडे आल्या. आल्या म्हणण्यापेक्षा ह्यांनी त्यांना आणलं. त्यांचं गाव धुळ्याच्या पलीकडे, पांझरेच्या काठी. मामंजी आदल्या वर्षी गेले. शेत पुतण्याला वाट्यानं दिलं, तरी अक्का रोज बांधावर जायच्याच. एका दुपारी विहिरीजवळ चक्कर येऊन पडल्या आणि दिवेलागणीपर्यंत कुणाला पत्ता नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका. ह्यांनी त्याच आठवड्यात त्यांना वरणगावला आणलं. मी कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवले होते. अक्का आपली पत्र्याची पेटी उघडायच्या, लुगडं काढायच्या, पेटी लावून टाकायच्या. आणि दर दोन दिवसांनी ह्यांना म्हणायच्या, "भाऊ, दिवाळी व्हयनी का मी मन्हा घर जासू." ह्यांचा चेहरा तेव्हा असा उतरायचा की मला डबा भरताना त्यांच्याकडे बघवत नसे.

माझं काय? खरं सांगते, त्या जाव्यात असंही मला वाटायचं आणि जाऊ नयेत असंही. लग्नाला दोन वर्षं झालेली. घरात नुकतीच कुठे माझी सत्ता बसली होती. मी जामनेरची. आमच्याकडची बोली निराळी, त्यांची निराळी. पण विहिरीजवळ पडलेल्या अक्का डोळ्यांपुढे आल्या की माझंच मला वाईट वाटे. मग मी उगाच गोड बोलायचे. फारच गोड बोलायचे.

अक्कांना सगळ्याची वेळ कळायची. वरणगावच्या आठवडी बाजारात मी फुगीर, तुकतुकीत वांगी निवडली तर त्यांनी ती हातातून काढून ठेवली आणि दुसरी उचलली, तेवढीच मोठी, पण वजनाला हलकी. "जड वांगामा बिया ऱ्हातस," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी काटक्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून केलेलं भरत खाताना ह्यांनी तीन वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागून घेतली. तुरीची शेंग भरली का, हरभरा ओलाच उपटायचा की दोन दिवस राहू द्यायचा, हे त्यांना लांबून दिसे. नुसतं बघून नव्हे. त्या जवळ जात, हात लावत, क्षणभर थांबत आणि मग सांगत. तो क्षणभर थांबण्यातला चेहरा मला फार आवडायचा. देवापुढेही त्यांचा चेहरा तसा होत नसे.

आणि या सगळ्या विद्येचा आमच्या दोन खोल्यांत काही उपयोग नव्हता. उलट एकदा प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आतच त्या झाकण फिरवायला गेल्या आणि मी किंचाळले, "अहो अक्का, थांबा!" मग कुकर कसा असतो, वाफ कशी असते, हे मी त्यांना लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस त्या शेगडीच्या जवळ आल्या नाहीत. तेव्हापासून मी कानाला खडा लावला: यांना काही म्हणून चूक दाखवायची नाही.

आमच्या शेजारी नेगीबाई राहत. हिमाचलच्या. गोऱ्यापान, बोलायला मोकळ्या, आणि वरणगावच्या उन्हाळ्याला रोज शिव्या घालणाऱ्या. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या यजमानांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढत असताना त्या फाटकाशी आल्या आणि कागदाची एक पुडी माझ्या हातात कोंबली. त्यांच्या गावाकडे नव्यानंच लावायला लागले होते म्हणे, हिरव्या गोभीचं, म्हणजे आजच्या ब्रोकोलीचं बी. "बहनजी, एक बात याद रखना. जब तक दाने कसे हुए हैं, तभी काट लेना. ढीले पड़े तो समझो गई." आणि पुढे म्हणाल्या, "सफ़ेद होने की राह मत देखना, ये हरी ही रहती है." ट्रक गेला. मी पुडी डब्यावर ठेवली आणि विसरले.

ती अक्कांना सापडली. मोहरीसारखं बारीक बी तळहातावर घेऊन त्या बाहेर उजेडात गेल्या. "हाई काय शे व?"

"हिरवी गोभी. नेगीबाईंनी दिलीय."

त्यांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातली ती दगडासारखी काळी जमीन पाणी मारून, कुदळीनं फोडून ठेवलेली मी पाहिली. फुटक्या घमेल्यात रोप केलं. दिवाळीच्या फराळाची धांदल चालू असताना अक्का मात्र घमेल्यापाशी. दिवाळी झाली. घरी जायचं नाव निघालं नाही, कारण पाडव्यानंतर चार दिवसांनी रोपं लावायची होती. अकरा जगली.

त्या पुढच्या दोन महिन्यांतली सकाळ मी कधी विसरणार नाही. पानं निळसर, त्यांच्यावर जणू कुणी हळुवार भुकटी फिरवलेली. दव पडलं की पाणी पानावर पसरायचं नाही, थेंब तसेच गोळ्या होऊन बसायचे आणि अक्का पान हलवून ते मुळाशी पाडायच्या. मावा दिसला तर बंबातली राख चाळून भुरभुरायच्या. बोलायच्यासुद्धा त्या झाडांशी, अगदी हळू. मी पाठमोरी असले की मला ऐकू यायचं. त्यांचं जेवण सुधारलं. एकदा तर ह्यांची कसलीशी चूक काढून त्या मोठ्यानं हसल्या. हे मला रात्रीच्या जेवणानंतर म्हणाले, "राहते बहुतेक." मी म्हटलं, "बघू." कारण अक्कांनी ह्यांना नवा हिशेब देऊन ठेवला होता: "गोभी कापसूत, खासूत, नी मंग मी जासू."

डिसेंबर सरता सरता मधल्या पानांत गड्डा दिसायला लागला, आधी बोराएवढा, मग लिंबाएवढा. गर्द हिरवा. अक्कांनी बोट लावलं आणि क्षणभर थांबल्या. तोच तो चेहरा. मग म्हणाल्या, "हिरवी शे म्हंजे आजून कच्ची शे. पांढरी व्हऊ दे."

आमच्या भागात फ्लॉवर लावणारे एक करतात. गड्ड्याला ऊन लागलं की तो पिवळा पडतो, म्हणून बाजूची पानं वर ओढून शेंडीसारखी बांधून टाकतात. आत सावलीत गड्डा पांढराशुभ्र होतो. अक्कांनी तेच केलं. केळीच्या खांबाच्या वाळलेल्या सालीच्या, सोपटाच्या, दोऱ्या काढल्या, भिजवून मऊ केल्या, आणि अकराच्या अकरा झाडांच्या शेंड्या बांधल्या. सुरेख बांधल्या. मी दारात उभी राहून बघत होते. नेगीबाईंचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं. दोरीला गाठ मारता मारता, वर न बघता. "नेगीबाई काही सांगी गई का व? कव्हय कापानं ते?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही सांगितलं."

का म्हटलं मी असं? तेव्हा मला वाटलं, त्यांचं मन राखलं. एवढ्या दिवसांनी हाताला काम लागलं आहे, त्यात आपण कशाला शहाणपणा करायचा? आणि मनाच्या तळाशी दुसरंही होतं. गोभी पांढरी होणार नाही, म्हणजे कापली जाणार नाही, म्हणजे अक्का जाणार नाहीत. ह्यांचा चेहरा उतरणार नाही. आणि एव्हाना मलाही त्या हव्या झाल्या होत्या, हे मी अजून स्वतःशीसुद्धा कबूल केलेलं नव्हतं.

संक्रांत झाली. तिळगूळ झाले. वाणाला आलेल्या बायकांना अक्कांनी अंगणात नेऊन त्या शेंड्या दाखवल्या आणि "आठ दिनमा पांढरी व्हई," असं सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. मी त्यांना चहा देत होते.

एका दुपारी अक्का जरा आडव्या झाल्या होत्या. मी हळूच जाऊन एका झाडाची दोरी सोडली. आत गड्डा चांगला पसरलेला, दोन ओंजळींचा, आणि घट्ट. दाणा दाण्याला चिकटलेला. बोट फिरवलं तर एकही हलेना. रंग असा की हिरव्याच्या आत थोडा जांभळा असल्यासारखा. मला शेतीतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की दिवस आजचा आहे. उद्याचा नाही. हाक मारायची, दोघींनी बसून कापायचं, झालं. मी दोरी जशी होती तशी बांधली आणि आत जाऊन कणीक मळली.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, कधी कापायचं हे न कळल्यामुळे फारच थोडं वाया जातं. बहुतेकदा कळलेलं असतं. कळूनही आपण पानं पुन्हा बांधून टाकतो आणि त्याला चांगुलपणा म्हणतो. माझ्या हातून पुढेही हे अनेकदा झालं, नाही असं नाही. पण त्या दुपारचं जसं लागून राहिलं तसं दुसरं कुठलंच राहिलं नाही.

जानेवारीच्या शेवटी दिवसाचं ऊन चढायला लागलं. रविवार होता. हे झोपलेले. मी बंबात लाकडं घालत होते, आणि अक्कांनी पहिली शेंडी सोडली. मग दुसरी. मग भराभर सगळ्या. आत दाणे सुटून लांब लांब झाले होते आणि त्यांच्यावर पिवळी फुलं उमलली होती. बारीक, चार पाकळ्यांची, चांगली हसरी फुलं. कुठून तरी दोन मधमाश्यासुद्धा येऊन पोचल्या होत्या.

अक्कांनी एका फुलाला बोट लावून पाहिलं. मग वाफ्याच्या कडेला खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी धावले.

"मन्ही नजर गई व पोर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, रडवेला वगैरे नाही. "इतला वरीस शेतमा काढात, नी येक गोभी समजनी नही. आते माले काहीच समजत नही. भाऊले सांग, आज माले गावले सोडी दे."

मी नुसती भ्यायले. त्या जातील म्हणून तर होतंच, पण आपल्याला काही कळत नाही असं समजून जातील, आणि उरलेलं आयुष्य तसंच समजत काढतील, याची मला जास्त भीती वाटली. त्यांनी पुढच्या वेळी वांगं हातात घेऊन पाहिलं असतं आणि स्वतःवरच विश्वास ठेवला नसता. हे मी केलं होतं.

"अक्का, तुमची नजर गेलेली नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं. नेगीबाईंनी सांगितलं होतं. ही हिरवीच असते. दाणे घट्ट असताना कापायची असते."

त्यांनी वर पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

"हो."

"मी इचारं व्हतं तुले."

"हो."

"मंग सांगं काबर नही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, माझा हात न घेता. आणि मग जे बोलल्या ते सगळं वाफ्याकडे बोट करून बोलल्या. "मी आठे पाव्हनी शे का? चूक सांगत नही ते पाव्हनाले. घरना मानूसले सांगतस! मी चिडसू. दोन दिन तोंड फुगाडसू, मंग बोलसू. त्यामा कोनी मरस का?" मी काहीतरी पुटपुटले. "सहा महिनापाईन दखस मी," त्या म्हणाल्या, "गोड बोलस तू. नुसती गोड बोलस. मी जासू नही ते काय करसू?"

मी तिथेच रडले. बंबाच्या धुराचं निमित्त होतं, पण ते मी वापरलं नाही.

फेकून द्यायचं अक्कांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सगळे पिवळे गड्डे कापले, कोवळं कोवळं निवडलं, लसूण-मिरचीत परतलं. बाजरीची भाकरी केली. भाजी जरा कडसर लागली, देठ चोथट. हे जेवताना एकदा अक्कांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "चांगली झालीय."

"कडू शे," अक्का म्हणाल्या.

"कडूच आहे," मीही म्हणाले. ह्यांनी खाली मान घालून भाकरी संपवली.

गावाला जायचं त्या रविवारी निघालं नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरलं. मग ह्यांना ओव्हरटाइम आला, मग आणखी काही. मात्र तोंड फुगवायचं ते अक्कांनी फुगवलं, अगदी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कुकर घेऊन माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "आते सांग, हाऊ कसा उघाडतस." मी सांगितलं. त्यांनी चुकीचं केलं तर "चुकलं" म्हटलं. माझ्या पोळ्या जाड होतात हे त्यांनी मला त्याच दिवशी सुनावलं. सहा महिने त्या जाड पोळ्या गप खात होत्या, म्हणजे गोड बोलणारी मी एकटीच नव्हते. मला राग आला, आणि रागाबरोबर इतकं हलकं वाटलं की मी दोन पोळ्या मुद्दाम आणखी जाड लाटल्या.

कापलेल्या झाडांना आम्ही उपटलं नव्हतं, का कोण जाणे. फेब्रुवारीच्या मध्यावर पानांच्या बेचक्यांतून फुटवे आले. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला सुपारीएवढा एक हिरवा गड्डा. संध्याकाळी भोंगा होऊन गेला होता, मी कपडे काढत होते आणि अक्कांनी हाक मारली.

दोघी वाफ्यात उकिडव्या बसलो. त्यांनी दाणे दाबले, क्षणभर थांबल्या. "आज नको. उद्या. आजून भरतीन."

मीही दाबून पाहिले. "आज. उद्या सुटतील."

"तुले काय समजस? रातले आजून थंडी शे. येक दिनमा काही व्हत नही."

"होतं. मागच्या वेळी झालं ना!"

"मागली येळ मी बांधी ठेवं व्हतं. आते हवा लागी राह्यनी."

"अक्का, आज म्हणजे आज!"

आमचे आवाज चांगलेच चढले होते. सायकल हातात धरून हे मागच्या दारानं आत आले ते घाबरूनच. "काय झालं? काय झालं?"

कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. अक्का लुगड्याला हात पुसत उठल्या आणि मला म्हणाल्या, "कर मंग तुन्हंच खरं. पुढला सालले मी मन्हा वाफा न्यारा करसू. मंग दखसूत कोन्हं खरं शे ते!"

हे दारातच थबकले. "पुढल्या साली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हां, पुढला सालले," अक्का कडाडल्या. "काबर? तुन्ही काही हरकत शे का?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मी विळा घेतला, मान खाली घातली आणि त्या दिवशीचे सगळे फुटवे कापले, एकही उद्यावर ठेवला नाही.